पेंटिंगमधला किल्ला कसा वाचायचा? युरोपियन लँडस्केपमधल्या कॅसलचा अर्थ लावायची माझी पद्धत

मध्यंतरी एका मैत्रिणीने मला टर्नर या इंग्लिश चित्रकाराच्या एका चित्राचा फोटो पाठवला आणि विचारलं, "यातला किल्ला कशाचं प्रतीक आहे गं?" एका ओळीत उत्तर द्यायला गेले आणि जमलंच नाही, कारण तोच दगडी बुरुज एका चित्रात राजाची सत्ता असतो, दुसऱ्यात तुरुंग असतो, तिसऱ्यात बायको गेल्याचं दुःख असतो आणि चौथ्यात तर नुसता निळा धूर. म्हणून मग मी चित्र बघताना काय काय करते ते तिला सगळं सविस्तर लिहून पाठवलं. तेच इथे नीट करून देतेय. चित्रकलेचं शिक्षण लागत नाही, मोबाइलवर झूम करता आलं आणि अर्धा तास हाताशी असला की पुरे.

आधी डोक्यातला रायगड बाजूला ठेवा

ही पहिली पायरी आपल्या मराठी माणसांसाठी खास आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रायगड, राजगड, प्रतापगड येतात, ऊर भरून येतो, लहानपणी दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडलेले आठवतात. ते सगळं खरंच आहे, पण तीच भावना आपण नकळत युरोपातल्या कॅसलला चिकटवतो आणि तिथेच अर्थ लावताना गल्लत होते. कॅसल हा बऱ्याचदा आपल्या डोंगरी किल्ल्यापेक्षा गढीच्या जास्त जवळचा असतो, म्हणजे एखाद्या सरदाराचं राहतं घर, तटबंदी केलेलं, आणि आजूबाजूच्या गावांनी त्याला सारा द्यायचा, त्याच्या शेतावर राबायचं. काही कॅसल तर परक्या राजाने जिंकलेल्या मुलखावर वचक ठेवायला बांधले, वेल्समध्ये पहिल्या एडवर्डने १२८३ नंतर कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेक हे किल्ले बांधले ते असेच.

त्यामुळे चित्रात कॅसल दिसला की पहिला प्रश्न: हा कोणाचा होता, आणि याच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला तो दिसला की धीर वाटायचा का धडकी भरायची?

मग बघा किल्ला धडधाकट आहे का पडका

एका नजरेत कळणारी गोष्ट आहे पण अर्ध काम इथेच होतं. ढोबळ हिशोब असा की पंधराव्या शतकाच्या आसपासच्या चित्रांमध्ये किल्ले बहुतेक शाबूत असतात, कारण तेव्हा ते वापरात होते, मालक आत राहत होता आणि बऱ्याचदा चित्राचे पैसे तोच देत होता. सतराव्या शतकापासून पुढे पडके किल्ले वाढत जातात, तोफांपुढे ते तट निकामी झाले होते, आणि आता चित्रकाराला त्यात काळ कसा सरतो ते दिसायला लागतं.

धडधाकट किल्ल्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे बेरीच्या ड्यूकसाठी लिंबुर्ग बंधूंनी रंगवलेली प्रार्थनापोथी, साधारण १४१२ ते १४१६ मधली, फ्रान्समध्ये शाँतिईच्या म्युझियममध्ये आहे. हिच्यात बारा महिन्यांची बारा पानं आहेत आणि बऱ्याच पानांवर मागे कुठला तरी खराखुरा किल्ला नाहीतर राजवाडा आहे. मार्चचं पान उघडा आणि खालून वर बघत जा. खाली पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा शेतकरी बैलजोडीने नांगरतोय, मातीत नांगराच्या रेघा एकेक मोजता येतील इतक्या बारीक आहेत, त्याच्या मागे द्राक्षाच्या वेलींची छाटणी चाललीय, डावीकडे मेंढरं आणि कुत्रा, आणि या सगळ्याच्या वर पांढराशुभ्र लुझिन्याँचा किल्ला, निळी छपरं, एक डाग नाही की एक चीर नाही. उजवीकडच्या बुरुजावर एक सोनेरी ड्रॅगन उडतोय, झूम केल्याशिवाय दिसत नाही. ती मेल्युझीन, लुझिन्याँ घराण्याची मूळ आई मानलेली परी, नवऱ्याने वचन मोडलं म्हणून सर्पीण होऊन उडून गेली अशी दंतकथा आहे.

आता हे पान काय सांगतंय? जमीन कोणाची, कष्ट कोणाचे आणि वरून बघतंय कोण, हे सगळं साधारण ए-फोर कागदाएवढ्या पानावर मांडलंय. ड्रॅगन म्हणजे ड्यूकचा हक्क, की हा किल्ला आमच्या हातात आहे आणि त्याची दंतकथासुद्धा आमची. शेतकऱ्याच्या अंगरख्यापासून किल्ल्याच्या कळसापर्यंत सगळं नीटनेटकं, सगळं आपापल्या जागी, आणि जगाची घडी अशीच असायला हवी हे ड्यूकला त्या पानावर बघायचं होतं. ड्यूक आणि ते तिघे भाऊ, सगळे १४१६ मध्येच गेले, पोथी अर्धवट राहिली. लुझिन्याँचा तो किल्लाही पुढे पाडला गेला. ऑक्टोबरच्या पानावरचा पॅरिसचा लूव्ह्र राजवाडा पण पुढच्या राजांनी पाडून नवा बांधला, त्या जुन्या लूव्ह्रचा पाया आज म्युझियमच्या तळघरात बघता येतो, पॅरिसला जाणार असाल तर मोनालिसाची गर्दी सोडून आधी तिथे जा असं मी सगळ्यांना सांगते.

पडका असेल तर कोणी पाडला ते शोधा

ही पायरी लोक हमखास गाळतात. पडका किल्ला दिसला की "काळाचा महिमा" म्हणून मोकळे होतात, पण किल्ले नुसते पावसाने पडत नाहीत हे आपल्याला कोणी सांगायला नको, १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्याकडच्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा आणि दरवाजे मुद्दाम उडवून दिले ते आपण ट्रेकला गेल्यावर बघतोच. युरोपातही तसंच झालं. इंग्लंडच्या यादवी युद्धात, म्हणजे राजा विरुद्ध पार्लमेंट अशा लढाईत, कॉर्फ आणि रॅग्लन हे किल्ले १६४६ मध्ये पार्लमेंटच्या बाजूने जिंकून मुद्दाम निकामी केले. हायडेलबर्गचा किल्ला चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला, तिथला एक जाडजूड बुरुज सुरुंगाने उभा फाटलाय आणि त्याचा अर्धा तुकडा तसाच बाजूला कललेला आहे. हॉलंडमधला एग्मंडचा किल्ला तर १५७३ मध्ये स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या डच बंडखोरांनी स्वतःच जाळला, स्पॅनिश सैन्याच्या हाती लागू नये म्हणून.

म्हणजे बघा, एग्मंडचे अवशेष एखाद्या डच माणसाने सतराव्या शतकात दिवाणखान्यात लावले तर त्याला त्यात नुसतं "सगळं नश्वर आहे" एवढंच दिसत नसणार, आपण स्वातंत्र्यासाठी काय किंमत मोजली ते पण दिसत असणार. आणि हायडेलबर्गच्या भिंती बघताना एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन माणसाला फ्रेंचांचा राग आठवत असणार. पडझड सारखीच पण अर्थ वेगळे. त्यामुळे चित्राखालचं किल्ल्याचं नाव घ्या, सर्च करा, तो कधी आणि कोणाच्या हातून पडला एवढंच शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

किल्ला चित्रात कुठे आहे आणि तिकडे वाट जाते का

इथे थोडं बायबल मदतीला घ्यावं लागतं. ख्रिस्ती भक्तीमध्ये देव म्हणजे खडक, देव म्हणजे गड अशी प्रतिमा स्तोत्रांमध्ये पुन्हा पुन्हा येते, आणि येशूच्या आईला, मेरीला, दाविदाचा बुरुज, हस्तिदंती बुरुज असं म्हणतात. त्यामुळे जुन्या चित्रांमध्ये दूर डोंगरावर एक गड, खाली अडचणीची वाट आणि वाटेवर माणूस असं दिसलं तर तो गड नुसती इमारत नसण्याची शक्यता मोठी. जर्मन चित्रकार ड्यूररचं १५१३ चं शूरवीर, मृत्यू आणि सैतान यांचं एन्ग्रेव्हिंग (पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) बघा, घोडेस्वार दरीतून चाललाय, बाजूला वाळूचं घड्याळ घेतलेला मृत्यू, मागे सैतान, आणि पार वर डोंगरमाथ्यावर तटबंदीचं गाव. तो गड म्हणजे सद्गुणाचं घर, जिथे त्याला पोचायचंय, असं बरेच जण वाचतात, आणि मला ते पटतं कारण स्वार मृत्यूकडे बघतसुद्धा नाही.

बुरुज आणि शेजारी बाई असेल तर वेगळं तपासायचं. यान फान आइकच्या १४३७ च्या छोट्याशा चित्रात संत बार्बारा बसलीय आणि मागे प्रचंड बुरुजाचं बांधकाम चालू आहे, गवंडी, दगड, माणसं सगळं तपशिलात. गोष्ट अशी की तिच्या बापाने तिला बुरुजात कोंडलं आणि तिने त्याला तीन खिडक्या पाडून घेतल्या, पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांच्या नावाने. अशा ठिकाणी खिडक्या मोजायच्या, खरंच मोजायच्या.

उलट, वाट किल्ल्याकडे जातच नसेल, मध्ये पाणी असेल, दार दिसतच नसेल, तर चित्रकार तुम्हाला बाहेर ठेवतोय. क्लोद लोरँचं १६६४ चं सायकीचं, म्हणजे जुन्या दंतकथेतल्या कामदेवाच्या प्रेयसीचं, चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, लोक त्याला मंतरलेला किल्ला म्हणतात, खरं तर तो कामदेवाचा महाल आहे आणि मध्ययुगीन पण नाही, पण एकटी बसलेली सायकी आणि मागे समुद्राकाठी तो गप्प उभा महाल बघितला की आत जायची बंदी अंगावर येते.

खऱ्या जागेच्या फोटोशी ताडून बघा

मला ही पायरी करायला सगळ्यात जास्त आवडते. चित्राच्या शेजारी त्याच किल्ल्याचा आजचा फोटो उघडायचा आणि चित्रकाराने काय बदललं ते शोधायचं, कारण जिथे बदललं तिथेच त्याला काहीतरी म्हणायचंय.

याकोब फान राउसडालने जर्मनीच्या हद्दीतला बेंटहाइमचा किल्ला डझनाहून जास्त वेळा रंगवला. त्यातलं १६५३ चं मोठं चित्र डब्लिनमध्ये आहे, त्यात किल्ला गर्द झाडीच्या उंच डोंगरावर दिमाखात बसलाय. प्रत्यक्षात तिथे बुटकी टेकडी आहे! हॉलंडसारख्या सपाट देशातून गेलेल्या विशी-पंचविशीतल्या पोराला ती टेकडी तेवढी वाटली असेल किंवा त्याने ठरवून उंच केली असेल, पण उंच केल्यामुळे झालं काय, तर खालची दगड-झाडं-झुडपं हीच चित्राचा मुख्य भाग झाली आणि किल्ला त्यांच्यावर चढवलेल्या मुकुटासारखा झाला.

आणि आता मैत्रिणीने पाठवलेलं ते चित्र. टर्नरचं डॉलबादर्न, १८०० मध्ये प्रदर्शनात लागलेलं, टर्नर तेव्हा पंचविशीचा. वेल्सच्या डोंगरांत, तळ्याच्या काठी, एकच गोल बुरुज. फोटो बघाल तर भोवतीचे डोंगर इतके मोठे आहेत की बुरुज त्यांच्यापुढे खुजा दिसतो. टर्नरने आपल्याला खाली दरीत उभं केलंय, बुरुज वर उजेडाच्या समोर काळा ठेवलाय, त्यामुळे तो एकटाच आभाळात घुसल्यासारखा वाटतो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला "काय रुबाबदार बुरुज आहे" एवढंच वाटलं होतं. मग कळलं की या बुरुजात ओवाइन नावाच्या वेल्श राजपुत्राला त्याच्या सख्ख्या भावाने, लिवेलिनने, वीसएक वर्षं कोंडून ठेवलं होतं अशी समजूत आहे, आणि टर्नरने चित्रासोबत ओळी दिल्या होत्या त्या त्याच कैद्याबद्दल, स्वातंत्र्यासाठी हात चोळत झुरणाऱ्या. त्यानंतर खाली अंधारात बघा, बोटाच्या पेराएवढी माणसं आहेत, त्यांच्यात बांधलेला माणूस. रुबाब कुठल्या कुठे गेला, आता मला तो बुरुज बघितला की त्याला बाहेरून दार दिसत नाही हेच आधी जाणवतं.

चित्रकार कोणत्या फॅशनमध्ये काम करतोय हे ओळखा

यावर थोडक्यात. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पिक्चरेस्क नावाची आवड आली, म्हणजे खडबडीत, तुटकं, वेलींनी भरलेलं ते सुंदर. विल्यम गिल्पिनने वाय नदीच्या प्रवासाबद्दल १७८२ मध्ये छापलं त्यात टिंटर्नच्या पडक्या मठाबद्दल असं म्हटलंय की भिंतींची टोकं फार सरळसोट राहिलीत, जपून थोडा हातोडा चालवला तर बरं दिसेल. अशा काळातल्या कितीतरी चित्रांमध्ये किल्ला फक्त शोभेला आहे, त्याच्या मागे अर्थ खणत बसू नका, आयव्हीची वेल, दोन गुरं आणि एक पडका कोपरा असं ठरलेलं जमवून आणलेलं असेल तर पुढच्या चित्राकडे जा.

जर्मनीत मात्र ती आवड तेवढ्यावर थांबली नाही. १८१५ नंतर ऱ्हाईनकाठचा मुलूख प्रशिया या जर्मन राज्याकडे आला आणि पडके किल्ले हे "आपलं गतवैभव" झाले, कोब्लेंझजवळचा श्टोल्झनफेल्स तर प्रशियाच्या युवराजाने, पुढे राजा झालेल्या चौथ्या फ्रेडरिक विल्यमने, परत बांधूनच काढला, १८४२ पर्यंत. पुढे बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगने १८६९ मध्ये नॉयश्वानश्टाइन सुरू केला त्याची पहिली चित्रं नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांकने काढली होती. आधी चित्र, मग किल्ला! त्यामुळे त्याचे फोटो बघून "मध्ययुगीन" म्हणू नका, त्याच्या आधी आपल्याकडे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली होती.

आणि अमेरिकेत तर कॅसलच नव्हते. थॉमस कोल इंग्लंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेत गेलेला, त्याने १८३६ मध्ये लिहिलं की अमेरिकेच्या निसर्गात जुलमाची साक्ष देणारा पडका बुरुज दिसत नाही, आणि हे तो कमीपणा म्हणून सांगत नव्हता. तरी दोनच वर्षांनी त्याने एक जोडी रंगवली, पहिल्या चित्रात किल्ल्यासमोर शूरवीरांचा सामना रंगलाय, तंबू, पताका, गर्दी, आणि दुसऱ्यात तीच जागा, तोच किल्ला, पडका, आणि गर्दीच्या जागी शेळ्या राखणारा एक जण. जोडीतली दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि फक्त माणसं मोजा.

आता एक चित्र पूर्ण करून बघू: हॅडली

कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराचा हॅडली किल्ला. हे मी शेवटी ठेवलं कारण वरच्या सगळ्या पायऱ्या इथे लागतात, आणि खरं सांगायचं तर हे माझं सगळ्यात जवळचं चित्र आहे.

किल्ला कोणाचा, तर तेराव्या शतकात ह्यूबर्ट द बर्ग या बड्या सरदाराने थेम्सच्या मुखाजवळ बांधलेला. पाडला कोणी, तर १५५१ मध्ये तो लॉर्ड रिचला विकला गेला, त्याने दगड काढून विकले, आणि वरून तो सगळा चिकणमातीच्या उतारावर, जमीन सरकत राहिली आणि भिंती खाली गेल्या. म्हणजे इथे शत्रू नाही, वीरकथा नाही, दगड विकून टाकले आणि जमिनीनेही साथ सोडली, बस.

कॉन्स्टेबल तिथे १८१४ मध्ये गेला होता, खिशात मावणाऱ्या स्केचबुकात पेन्सिलने एक छोटं चित्र काढलं आणि ते तसंच पडून राहिलं. लग्न व्हायचं होतं तेव्हा, मारियाशी. मग लग्न झालं, सात मुलं झाली, आणि २३ नोव्हेंबर १८२८ ला मारिया क्षयाने गेली. त्या हिवाळ्यात त्याने चौदा वर्षांपूर्वीचं ते पेन्सिलचं चित्र बाहेर काढलं आणि त्यावरून जवळजवळ साडेपाच फूट रुंद कॅनव्हासवर आधी कच्चं आणि मग पक्कं असं दोनदा रंगवलं. पक्कं चित्र १८२९ मध्ये प्रदर्शनात लागलं, ते आता अमेरिकेत येलच्या म्युझियममध्ये आहे. कच्चं लंडनला टेट या म्युझियमकडे.

टेटच्या वेबसाइटवर कच्चं उघडा आणि डावीकडच्या उंच बुरुजावर झूम करा. वरपासून खालपर्यंत फाटलाय. रंग नुसता ब्रशने लावलेला नाही, रंग थापायच्या सुरीने थापलाय, काही ठिकाणी पांढरे ठिपके असे उडालेत की पाऊस का चुना का ऊन कळत नाही. उजवीकडे दूर दुसरा बुरुज आहे, बुटका, आणि दोघांच्या मध्ये रिकामी जागा, तिथून समुद्र दिसतो. खाली डावीकडे काठी घेतलेला मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा. पक्क्या चित्राच्या नावातच "वादळी रात्रीनंतरची सकाळ" असं आहे, आणि उजेड पाण्यावर पडलाय, बुरुजावर नाही.

दोन बुरुज म्हणजे नवरा-बायको असं मी म्हणणार नाही, कॉन्स्टेबलने तसं कुठे म्हटलेलं नाही आणि १८१४ च्या स्केचमध्येही किल्ला पडकाच होता. पण चौदा वर्षं ते स्केच त्याच्याकडे होतं आणि त्याने ते त्या हिवाळ्यातच बाहेर काढलं, एवढं मला पुरेसं आहे.

याच्यानंतर टर्नरचं नॉरम किल्ल्याचं १८४५ च्या आसपासचं चित्र बघा, तेही टेटकडेच. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा, ट्वीड नदीकाठचा, शेकडो वर्षं वेढे झेललेला किल्ला, टर्नरने तो पहिल्यांदा १७९७ मध्ये बघितला आणि मग आयुष्यभर परत परत काढला. या शेवटच्या चित्रात किल्ल्याची एक रेघ पण नाही, मागून सूर्य उगवतोय आणि जिथे किल्ला असायला हवा तिथे निळा धूसर डाग आहे. सीमा गेली, लढाया गेल्या, समोर पाण्यात एक तांबूस गाय उभी आहे.

आता तुम्ही करून बघा. दोन टॅब उघडा, एकात टेटचं हॅडली, एकात येलचं. चित्राखालची माहिती वाचायच्या आधी वहीत चार ओळी लिहा: बुरुज कोणत्या चित्रात जास्त फाटलेला वाटतो, उजेड कुठून कुठे जातो, माणसं किती आहेत, आणि तुम्ही स्वतः कुठे उभे आहात, उतारावर का खाली का हवेत. त्यानंतरच माहिती वाचा. काही वेगळं दिसलं तर मला नक्की कळवा, मेंढपाळाबद्दल तर हमखास.